तुम्ही विचारलंय, 'मोअर फास्ट' चूक, मग 'मोअर क्विकली' बरोबर कसं?

फास्ट, हार्ड, लेट हे शब्द विशेषण म्हणून जसे, तसेच क्रियाविशेषण म्हणून. म्हणून तुलना करताना त्यांना ईआर: फास्टर, हार्डर, लेटर. क्विकली, केअरफुली असं एलवाय लावून केलेलं क्रियाविशेषण असेल तर मोअर. अर्लीचं मात्र अर्लिअर, तिथे एलवाय बघून फसू नका. झालं तुमचं उत्तर.

पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, 'एक सिलॅबल (शब्दातला एका दमात उच्चारला जाणारा तुकडा) असेल तर ईआर, नाहीतर मोअर, असं आमचे सर सांगतात'. ते वाचून डोकंच उठलं.

मी दहावीच्या शिकवण्या घेते. माझ्याकडच्या एका मुलीने शाळेच्या पेपरात 'शी इज क्लेव्हरर दॅन हर ब्रदर' लिहिलं. सरांनी क्लेव्हररवर लाल काट मारून वर 'मोअर क्लेव्हर' लिहिलं आणि अर्धा मार्क कापला. पोरगी रडवेली. तिच्या आईबरोबर मीही शाळेत गेले.

"मॅडम, दोन सिलॅबल आहेत."

"हॅपीत किती आहेत?"

"ते वायवालं. वेगळं."

"नॅरो? सिंपल?"

सर घड्याळाकडे बघायला लागले. मी पिशवीतून ऑक्सफर्डची डिक्शनरी काढून पान समोर धरलं. क्लेव्हरर, क्लेव्हरेस्ट, ठळक छापलेलं. तर म्हणे, "डिक्शनरीत काय, सगळंच असतं. आम्ही गाइडप्रमाणे तपासतो." अर्धा मार्क काही मिळाला नाही.

खरी भानगड दोन सिलॅबलवाल्यांचीच आहे. शेवटी वाय, एलई, ओडब्ल्यू असेल तर बहुधा ईआर. फेमस, मॉडर्न, केअरफुल यांना मोअर. कॉमन, क्वाएट, पोलाइट दोन्हीकडून चालतात. दोन्ही एकदम मात्र नको. शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर'मध्ये अँटनी 'मोस्ट अनकाइंडेस्ट' म्हणतो, कारण तेव्हा ते चालायचं. आज 'मोअर बेटर' लिहाल तर मीही काट मारेन.

हां, बोलताना इंग्रज लोकही 'कम क्विकर' म्हणतात, पण पेपरात 'मोअर क्विकली'च धरा. आणि 'मोअर क्लेव्हर'ही चूक नाही बरं का, तेही चालतं. पण म्हणून क्लेव्हररवर काट? तुमच्या सरांना नॅरोचं कंपॅरेटिव्ह, म्हणजे तुलनेचं रूप, विचाराच, आणि काय म्हणाले ते इथे कळवा.