गेमसाठी फ्रेमरेट किती असावा?
आपण सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे गेमने तयार केलेली ६० चित्रे, हे लक्ष्य ठेवावे. कथाप्रधान गेम ३० वरही खेळता येतात, मात्र काउंटर-स्ट्राइकसारख्या नेमबाजीच्या गेममध्ये १४४ फ्रेमचा फरक हाताला जाणवतो. तरीही नुसत्या सरासरीवर विसंबू नये, कारण ६० फ्रेमसाठी प्रत्येक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हावे लागते आणि अधूनमधून एखादे ५० मिलिसेकंद रेंगाळले, तर सरासरी उत्तम दिसूनही खेळ अडखळतो. अशा वेळी सावल्यांचा दर्जा कमी करून फ्रेमवर मर्यादा घालणे मला अधिक पटते. मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलणारा असल्यास जादा फ्रेममुळे प्रतिसाद किंचित जलद होतो, एवढेच. आणि १४४ हर्ट्झचा घेतलाच, तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तो ६० वरच राहिलेला नाही ना, हे आधी तपासावे.