बायोस अपडेट केल्यापासून पीसी हँग होतोय: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार सर, सांगलीत माझा घरूनच लग्नाचे अल्बम आणि व्हिडिओ एडिटिंगचा धंदा आहे. असेंबल्ड पीसी आहे, रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड, ८-८ जीबीच्या दोन ३२०० वाल्या रॅम, पॉवर सप्लाय मात्र आधीच्या जुन्या पीसीतलाच. रायझन ७ ५७००एक्स टाकायचा विचार होता, त्यासाठी बायोस अपडेट लागतो असं कळलं म्हणून केला, अपडेट व्यवस्थित झाला. पण तेव्हापासून पीसी मध्येच हँग होतो. स्क्रीनवर चित्र तसंच, माऊस हलत नाही, घड्याळ थांबलेलं, रिसेटचं बटण दाबल्याशिवाय काही होत नाही. रेंडर लावला की तासन्‌तास बिनबोभाट चालतो, पण जेवायला उठलो आणि परत आलो की मेलेला. दुकानदार म्हणतो बोर्ड गेला, नवीन घ्या. लग्नसराई तोंडावर आहे, काय करू?

उत्तर: बोर्ड घ्यायची घाई अजिबात करू नका. तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीय, ती म्हणजे रेंडरला काही होत नाही आणि रिकामा ठेवला की मरतो. बोर्ड किंवा प्रोसेसर खरोखर गेला असता तर तो बहुतेक वेळा लोडवर, म्हणजे जड काम चालू असताना, आधी बोंबलला असता, तुमचं बरोबर उलटं चाललंय, आणि रायझनच्या बाबतीत या उलट लक्षणाचं एक ओळखीचं कारण आहे.

बायोस म्हणजे पीसी चालू होताना सगळ्यात आधी चालणारा, बोर्डावरच्या चिपमधला प्रोग्राम. तो अपडेट होताना चिपवर नवीन प्रोग्राम तर लिहिला जातोच, पण त्याबरोबर आधीची सेटिंग्ज बहुतेक बोर्डांवर पुसली जातात आणि सगळं डिफॉल्टला येतं. एक्सएमपी (रॅमला तिच्या छापील स्पीडला चालवणारं सेटिंग) बंद, फॅनचे स्पीड डिफॉल्टला, बूट ऑर्डर बदललेली, आणि असेंबल करणाऱ्याने तेव्हा गुपचूप करून दिलेला एखादा बदलही गेला. आता रायझन रिकामा असला की कोअर झोपवतो, सी६ म्हणतात त्या अवस्थेला, आणि तेव्हा तो इतका कमी करंट ओढतो की काही जुन्या पॉवर सप्लायना एवढ्या कमी लोडवर व्होल्टेज नीट सांभाळता येत नाही. मग पीसी जागच्या जागी गोठतो. तुमचा सप्लाय जुन्या पीसीतला आहे म्हणून माझा पहिला संशय इथेच आहे.

यासाठी बायोसमध्येच सोय आहे. पीसी चालू करताना डिलीट दाबत राहा, आत गेल्यावर ॲडव्हान्स्ड मोड, त्यात एएमडी सीबीएस, आणि तिथे पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल नावाचं सेटिंग शोधा (काही बोर्डांवर ते सीपीयूच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये असतं, नसेल दिसत तर बायोसचा सर्च वापरा). ते ऑटोवर असेल, तिथे टिपिकल करंट आयडल निवडा आणि एफ१० दाबून सेव्ह करा. पीसी रिकामा असताना वीज किंचित जास्त खाईल, बाकी काही फरक पडत नाही.

पण त्याआधी दोन गोष्टी. अपडेटनंतर बायोसमधलं लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स एकदा करून सेव्ह करा, आणि जुनं सेव्ह केलेलं प्रोफाइल असेल तर ते नवीन बायोसवर लोड करू नका, सेटिंग्ज हाताने परत लावा. दुसरं म्हणजे हा बदल करताना एक्सएमपी मुद्दाम बंद ठेवा. दोन्ही एकदम बदललंत आणि हँग व्हायचं थांबलं तर कशामुळे थांबलं ते तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही नाही. विंडोजचा स्लीप बंद करून पीसी नुसता चालू ठेवा, शक्यतो रात्रभर. सकाळी जिवंत असेल तर मग एक्सएमपी चालू करा, पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्राम) घ्या आणि त्याचे चारही पास पूर्ण होऊ द्या. एक जरी एरर आली तरी ती रॅम त्या स्पीडला चालत नाहीये असंच धरा, ३२०० ऐवजी २९३३ वर आणून परत टेस्ट करा. नवीन बायोसमध्ये मेमरीची बारीकसारीक टायमिंग बदललेली असतात, त्यामुळे काल चाललेली रॅम आज कुरकुर करते असं होऊ शकतं.

परत हँग झाला तर रिसेट दाबायच्या आधी कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबून बघा. त्याचा दिवा चालू-बंद होत असेल तर विंडोज आतून जिवंत आहे आणि डिस्प्लेच अडकलाय, तेव्हा विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा, ग्राफिक्सचा ड्रायव्हर रीस्टार्ट होतो. दिवा ढिम्म असेल तर अख्खा पीसी गोठलाय. रीस्टार्टनंतर इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची एररची नोंदवही) उघडला की कर्नल-पॉवर ४१ लाल खुणेसह दिसेल, ते बघून घाबरू नका, त्याचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी पीसी नीट शटडाऊन झाला नव्हता, आणि ते तुम्हाला माहितीच आहे. शोधायचं ते डब्ल्यूएचईए-लॉगर. त्याची एरर असेल तर हार्डवेअरने स्वतः तक्रार केलीय, तिचा फोटो काढून पाठवा.

एवढं करूनही थांबलं नाही तर कुणाकडून तरी चांगला पॉवर सप्लाय एक दिवस मागून आणा आणि लावून बघा. बोर्डाचा नंबर त्याच्याही नंतर लागतो. आणि जुन्या बायोसवर परत जायचा मोह होईल, पण त्याआधी बोर्डाच्या सपोर्ट पेजवरची टीप वाचा. काही बोर्डांवर ठराविक व्हर्जननंतर मागे जाता येत नाही, शिवाय ५७००एक्स २०२२ मध्ये आलाय, फार जुना बायोस टाकलात तर तो प्रोसेसर चालूच होणार नाही.

लग्नसराईचं काम अंगावर आहे म्हणून सांगतो, हे सगळं होईपर्यंत चालू प्रोजेक्टची एक कॉपी बाहेरच्या हार्डडिस्कवर रोज घ्या. सारखं रिसेट मारून फाईल करप्ट होते आणि गिऱ्हाईकाला बायोसची गोष्ट सांगता येत नाही.

प्रश्न: दादा, मी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. एका व्हिडिओखाली दिलेली बायोसची फाईल टाकली, रायझन ५ ५६००एक्स आहे. पूर्ण हँग नाही होत पण दिवसातून काही वेळा एक-दोन सेकंद सगळं अडकतं, आवाज टर्रर्र करून लटकतो आणि मग आपोआप चालू. गेममध्ये तर डोकंच फिरतं. बायोसवर तारीख २०२१ शेवटची दिसतेय.

उत्तर: तारीख लिहिलीस ते फार बरं केलंस, उत्तर त्यातच आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आलं, त्याला टीपीएम २.० (एन्क्रिप्शनच्या किल्ल्या सांभाळणारा सिक्युरिटीचा भाग) लागतो, म्हणून त्या सुमारास बऱ्याच बोर्ड कंपन्यांनी नवीन बायोसमध्ये प्रोसेसरमधलाच टीपीएम, म्हणजे एफटीपीएम, आपोआप चालू करून दिला. तो आपली माहिती बोर्डावरच्या बायोसच्याच चिपमध्ये ठेवतो, आणि त्या चिपशी त्याचं बोलणं मध्येच लांबलं की तेवढा वेळ बाकी सगळं खोळंबतं. तुझा टर्रर्र तोच असणार. मार्च २०२२ मध्ये एएमडीने स्वतः हे मान्य केलं आणि दुरुस्ती एजीसा (एएमडी बोर्ड कंपन्यांना देते तो बायोसचा मूळ कोड) १.२.०.७ मध्ये दिली, त्याचे बायोस मे २०२२ पासून यायला लागले. तेव्हा तुझ्या बोर्डाच्या सपोर्ट पेजवरून त्यानंतरचा बायोस घे. व्हिडिओखालच्या लिंकवरून बायोस परत कधीच घेऊ नकोस. बोर्डाचं नाव तर जुळवच पण त्यावर छापलेला रिव्हिजन नंबरही जुळव, एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन रिव्हिजनचे बायोस वेगळे असू शकतात.

फ्लॅश करायच्या, म्हणजे नवीन बायोस टाकायच्या आधी बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (विंडोजचं ड्राइव्हला कुलूप लावणारं फीचर) चालू आहे का बघ. असेल तर बिटलॉकर सस्पेंड कर (होम एडिशनमध्ये तो पर्याय दिसला नाही तर एन्क्रिप्शन बंद करून नंतर परत चालू कर), आणि ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाऊंटमधून काढून कागदावर लिहून ठेव. नाहीतर अपडेटनंतर निळ्या स्क्रीनवर ती की मागितली जाते आणि ती नसेल तर ड्राइव्हवरचा डेटा तुझाच असून तुला मिळत नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री हे करू नकोस, प्लीज.

प्रश्न: नागपूरहून लिहितोय. कोअर आय९ १३९००के, गेम सुरू होताना क्रॅश व्हायचे, कधी पूर्ण हँग. बायोस अपडेट केला की ठीक होईल असं सगळीकडे वाचलं, केला, तरी तेच. उलट बेंचमार्कही थोडा कमी आला.

उत्तर: वाईट बातमी सरळ सांगतो. १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जात होतं हे इंटेलने जुलै २०२४ मध्ये मान्य केलं, मग ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतले छोटे प्रोग्राम) आले, ते बायोसमधूनच मिळतात. पण हे अपडेट पुढचं नुकसान रोखण्यासाठी आहेत, चिपची आधी झालेली झीज त्यांनी भरून येत नाही. बायोसमध्ये इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज निवडलंय ना आणि एक्सएमपी बंद करूनही क्रॅश होतो का, एवढं बघा. होत असेल तर व्होल्टेजशी खेळत बसू नका, प्रोसेसर बदलून मागा. या प्रोसेसरना इंटेलने दोन वर्षं वॉरंटी वाढवून दिलीय, बॉक्सवाल्या प्रोसेसरची तीनची पाच झाली. बिल आणि बॉक्सवरचा सीरियल नंबर शोधून ठेवा, आणि बदलून आलेला प्रोसेसर लावाल तेव्हा बोर्डावर नवीन बायोस असलाच पाहिजे. बेंचमार्क कमी आला तो डिफॉल्ट मर्यादा लागू झाल्यामुळे असू शकतो, त्याची काळजी करू नका.

प्रश्न: सर, रत्नागिरीत राहते. पीसी उत्तम चाललाय पण भाऊ म्हणतो बायोस जुना आहे, अपडेट कर. आमच्याकडे पावसात लाईट केव्हाही जाते. करू का?

उत्तर: ताई, उत्तम चाललाय तर आधी नवीन बायोसच्या व्हर्जनखाली काय काय दुरुस्त केलंय ते वाचा. नवीन प्रोसेसर टाकायचा नाहीये, त्यात सिक्युरिटीची दुरुस्ती नाही, आणि तुम्हाला असलेला एखादा त्रासही त्या यादीत नाही, तर भावाला सांगा की सध्या नको. करायचाच झाला तर यूपीएसवर आणि शक्यतो पाऊस संपल्यावर. त्याआधी पीसीच्या मागे यूएसबीजवळ फ्लॅशबॅक लिहिलेलं छोटं बटण आहे का बघून ठेवा. असेल तर मध्येच लाईट गेली तरी फॅट३२ केलेल्या पेनड्राइव्हवर मॅन्युअलमध्ये दिलेल्या नावाने बायोसची फाईल ठेवून, पेनड्राइव्ह त्याच ठराविक यूएसबीत लावून, त्या बटणाने बोर्ड परत उभा करता येतो. बटण नसेल तर बायोसची चिप प्रोग्रामरने लिहून देणारा रिपेअरवाला शोधावा लागतो, आणि तो तुमच्या गावात आहे की कोल्हापूरला जावं लागेल हे आधीच विचारून ठेवा.