मुलीला यूएससीआयएसची चीफ काउन्सेल व्हायचे आहे

सप्रेम नमस्कार.

एडिसनहून आलेले आपले पत्र मिळाले. आपण २००४ साली एच-४ व्हिसावर, म्हणजे तिथे नोकरीला असलेल्या पतीच्या व्हिसाला जोडून, न्यू जर्सीत आलात, नाशिकला शिक्षिका असूनही अकरा वर्षे आपल्याला घरी बसावे लागले, २०१५ मध्ये काम करण्याची परवानगी मिळाली आणि तीन वर्षांपूर्वी ग्रीन कार्ड हाती आले, असे आपण लिहिले आहे. मुलगी तिथेच जन्मली. ती आता राज्यशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि 'मला यूएससीआयएसची चीफ काउन्सेल व्हायचे आहे' असे म्हणते, म्हणजे अमेरिकेत व्हिसा व नागरिकत्वाचे अर्ज तपासणाऱ्या सरकारी संस्थेची प्रमुख विधी सल्लागार. हे पद तिला खरोखर गाठता येईल का, आजी-आजोबा म्हणतात त्याप्रमाणे तिने पुण्यात कायद्याची पदवी घेतली तर खर्च वाचेल का, नाशिकच्या फ्लॅटची आणि तिच्या ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्डाची अडचण होईल का, आणि 'आपल्याच लोकांना देशाबाहेर काढायचे काम तिच्या वाट्याला येईल' या तिच्या वडिलांच्या भीतीचे काय करावे, असे आपले प्रश्न आहेत.

आधी हे पद नेमके काय आहे ते पाहू, कारण आपल्या पत्रावरून असे वाटते की घरातल्या प्रत्येकाच्या मनात त्याचे वेगळे चित्र आहे. मार्च २००३ मध्ये आयएनएस ही जुनी इमिग्रेशन संस्था मोडीत निघाली आणि तिचे काम होमलँड सिक्युरिटी (अंतर्गत सुरक्षा) विभागातील तीन यंत्रणांकडे गेले. व्हिसा, ग्रीन कार्ड, आश्रय आणि नागरिकत्वाचे अर्ज तपासते ती यूएससीआयएस, देशाच्या आतील अटक व हद्दपारीचे काम पाहते ती आइस, आणि विमानतळावर व सीमेवर आपला पासपोर्ट पाहते ती सीबीपी. ज्या २००२ च्या कायद्याने हा विभाग निर्माण झाला, त्याच कायद्यात यूएससीआयएस आणि आइस या दोन्ही यंत्रणांसाठी प्रमुख विधी सल्लागाराची तरतूद आहे. यूएससीआयएसमधल्या त्या अधिकाऱ्याला चीफ काउन्सेल म्हणतात. आइसमधल्या पदाचे काम मात्र बरेच वेगळे आहे. तिथल्या वकिलांना रोज इमिग्रेशन न्यायाधीशापुढे उभे राहून सरकारची बाजू मांडावी लागते, तर यूएससीआयएसच्या वकिलांचा बहुतेक वेळ सल्ला देण्यात, नियमांचे मसुदे तपासण्यात आणि अवघड अर्जांवर मत देण्यात जातो.

आणखी एक बारकावा मुलीने आत्ताच समजून घ्यावा. चीफ काउन्सेल यूएससीआयएसच्या संचालकाला सल्ला देतो, पण तो होमलँड सिक्युरिटी विभागाच्या जनरल काउन्सेलच्या कार्यालयाचा भाग असतो आणि त्यांनाच जबाबदार असतो. संचालकाला 'हे कायद्यात बसत नाही' असे सांगण्याचे बळ त्याला या रचनेतून मिळते.

'नाही' सांगण्याचे हे काम प्रत्यक्षात कसे असते, ते दाखवणारे सर्वांत चांगले उदाहरण मला २०२० च्या रीजेंट्स खटल्याचे वाटते. लहानपणी अमेरिकेत आणलेल्या, कागदपत्रे नसलेल्या सुमारे सात लाख तरुणांना डाका योजनेचे संरक्षण होते. सप्टेंबर २०१७ मध्ये होमलँड सिक्युरिटी विभागाने ही योजना बंद करण्याचे परिपत्रक काढले. जून २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते रद्द ठरवले. योजना बंद करण्याचा सरकारला अधिकारच नाही, असे न्यायालय म्हणाले नाही. अधिकार आहे, पण योजनेतला हद्दपारी न करण्याचा भाग वेगळा ठेवता आला असता याचा विचार कागदावर नाही, आणि ज्यांनी योजनेच्या भरवशावर शिक्षण, नोकरी, संसार उभा केला त्यांचाही विचार नाही, म्हणून निर्णय मनमानी ठरतो, असे सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिले. विभागाने २०१८ मध्ये दुसरे टिपण काढून नवी कारणे जोडली होती, पण निर्णयाच्या दिवशी जे लिहिले होते त्यावरच तो तपासला जाईल, असे सांगून न्यायालयाने ती बाजूला ठेवली. आपल्याकडे फाइलवरच्या शेऱ्याला किती महत्त्व असते हे ज्यांनी सरकारी कचेरीत काम केले आहे त्यांना ठाऊक असते. तिथेही तसेच आहे. चांगला चीफ काउन्सेल परिपत्रकावर सही होण्याआधीच सांगतो, की या पानावर दोन प्रश्नांची उत्तरे नाहीत, ती लिहिल्याशिवाय हे बाहेर जाऊ देऊ नका. सरकार कोणत्याही पक्षाचे असो, हे त्याला सांगता आले पाहिजे.

दुसरे उदाहरण आपल्याच घरातले आहे. ज्या नियमामुळे २०१५ मध्ये आपल्याला एच-४ ईएडी, म्हणजे काम करण्याचे परवानापत्र, मिळाले, त्याचा मसुदा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यावर लोकांच्या हरकती व सूचना मागवल्या गेल्या, आणि अंतिम नियमाच्या लांबलचक प्रास्ताविकेत त्या हरकतींना उत्तरे दिली गेली. नियम निघाल्यावर लगेच त्याला न्यायालयात आव्हान मिळाले, आणि वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये तो वैध ठरवला. आपल्या पाकिटातल्या त्या कार्डामागे अशी वर्षानुवर्षांची वकिली होती. मुलीने ती प्रास्ताविका सबंध वाचावी. वाचताना तिला कंटाळा आला तर या क्षेत्राचा फेरविचार करावा, आणि एखाद्या उत्तरातली फट दिसून ती अस्वस्थ झाली तर तिचा कल बरोबर आहे असे समजावे.

आता पदापर्यंतच्या वाटेविषयी. याआधी यूएससीआयएसचे चीफ काउन्सेल झालेल्यांकडे पाहिले तर एकच ठरलेली शिडी दिसत नाही. लिंडेन मेलमेड आधी सिनेटर जॉन कॉर्निन यांच्याकडे विधी सल्लागार होते. रोक्साना बेकन खासगी वकिलीतून आल्या. स्टीफन लेगोम्स्की हे सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात इमिग्रेशन कायद्याचे प्राध्यापक होते. उर मेंडोझा जाडू यांनी प्रतिनिधिगृहात खासदार झोई लॉफग्रेन यांच्याकडे काम केले, २०१४ च्या सुमारास त्या चीफ काउन्सेल झाल्या आणि २०२१ मध्ये त्याच यूएससीआयएसच्या संचालक झाल्या. त्यांचे वडील इराकमधून आणि आई मेक्सिकोतून आलेली. स्थलांतरितांच्या मुलीला ही दारे बंद नसतात, हे आपल्या मुलीला त्यातून दिसावे.

मात्र या नावांमधून आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती मी आपल्यापासून लपवणार नाही. सर्वांत वरची खुर्ची बहुधा सरकार बदलले की बदलते. तिच्या खालच्या उपप्रमुखांच्या, विभागप्रमुखांच्या जागांवर मात्र कायम सेवेतले वकील वर्षानुवर्षे असतात, आणि प्रत्यक्षात संस्थेची स्मृती त्यांच्याकडे असते. म्हणून माझा सल्ला असा, की मुलीने त्या एका खुर्चीवर आयुष्य टांगू नये, तर उपप्रमुखापर्यंतचे काम डोळ्यांपुढे ठेवून तयारी करावी. वरचे पद मिळाले तर ते त्या कामाचेच पुढचे पाऊल असेल, आणि न मिळाले तरी तिची वीस वर्षे वाया गेलेली नसतील. सध्याची हवा कठीण आहे, हेही सांगतो. २०२५ मध्ये अनेक इमिग्रेशन न्यायाधीशांना काढून टाकण्यात आले, आणि सरकारी वकिलांच्या नोकरीत बहुतेकांना पहिली दोन वर्षे काढून टाकण्याविरुद्ध फारसे संरक्षण नसते. पदवी हाती येईपर्यंत चारपाच वर्षे जातील, तेव्हा आजच्या बातम्यांवर निर्णय घेऊ नये, पण डोळे उघडे ठेवावेत.

शिक्षणाचे उत्तर थोडक्यात देता येते. अमेरिकन बार असोसिएशनची मान्यता असलेल्या विद्यापीठातून कायद्याची तीन वर्षांची जेडी पदवी, कोणत्याही एका राज्याची वकिलीची सनद आणि अमेरिकेचे नागरिकत्व या तीन गोष्टी अशा जागांच्या जाहिरातींत बहुधा मागितलेल्या असतात. पुण्याच्या कायद्याच्या पदवीवर पुढे एलएलएम करून न्यूयॉर्कसारख्या राज्यात बारची परीक्षा देता येते, पण या विशिष्ट वाटेसाठी ते वळण उपयोगाचे नाही, आणि मुलगी तिथलीच नागरिक असताना ते घेण्याचे कारणही नाही. आजी-आजोबांना हे प्रेमाने समजावून सांगावे. खर्चाची चिंता खरी आहे. त्यासाठी न्यू जर्सीतल्या रटगर्ससारख्या राज्य विद्यापीठाचा विचार करावा, आणि सरकारी नोकरीत राहून १२० पात्र हप्ते भरल्यावर संघराज्याच्या शैक्षणिक कर्जाची उरलेली रक्कम माफ करणारी २००७ पासूनची योजना समजून घ्यावी. पहिल्या नोकरीसाठी न्याय विभागाचा नव्या वकिलांसाठीचा ॲटर्नी जनरल्स ऑनर्स प्रोग्राम आणि एखाद्या न्यायाधीशाकडची क्लार्कशिप, म्हणजे विधी सहायकाचे काम, हे दोन दरवाजे चांगले आहेत. दोन्हींचे अर्ज पदवी मिळण्याच्या बरेच आधी भरावे लागतात.

फ्लॅट आणि ओसीआय कार्ड यांनी वाट अडत नाही, लपवाछपवीने मात्र अडते. सरकारी नोकरीआधीच्या पार्श्वभूमी तपासणीत परदेशातली मालमत्ता, नातेवाईक, प्रवास यांविषयी विचारतात, आणि नाशिकच्या फ्लॅटवर मुलीचे नाव लावलेले असेल तर ते तिने स्वतः सांगायला हवे. त्या फ्लॅटचे कागद नेमके कोणाच्या नावावर आहेत, हे या दिवाळीत नाशिकला गेलात तर पाहून ठेवावे. आणखी एक गोष्ट पालकांना विचारायला अवघड वाटते. न्यू जर्सीत गांजा कायदेशीर आहे, पण संघराज्याच्या कायद्यात नाही, आणि तपासणी संघराज्य करते. हे मुलीला आत्ताच स्पष्ट सांगावे.

वडिलांच्या भीतीचे उत्तर मी शेवटी देतो आहे, कारण तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ती भीती खोटी नाही. इमिग्रेशन न्यायालयात समोरच्या माणसाला वकील ठेवण्याचा हक्क आहे, पण सरकारी खर्चाने वकील मिळत नाही, त्यामुळे अनेक जण एकटे उभे असतात. मुलगी आइसच्या बाजूला गेली तर एखाद्या दिवशी समोर दुभाष्याच्या शेजारी बसलेला माणूस पंजाबचा किंवा गुजरातचा असेल, आणि तिचा अशील सरकार असेल, तो माणूस नव्हे. यूएससीआयएसमध्येही ती अर्जदाराची वकील नसेल. हे तिला पेलणार नसेल तर सरकारच्या बाहेर याच कायद्याचे फार मोलाचे काम आहे, आणि ते कमी प्रतीचे नाही. पण ज्याच्या आईने अकरा वर्षे एका नियमाची वाट पाहिली, त्याला कागदामागचा माणूस दिसतो, आणि कायद्याची मर्यादा सांगणाऱ्या खुर्चीत असा वकील बसावा असे मला मनापासून वाटते. म्हणून जेडी करताना तिने आधी विद्यापीठाच्या इमिग्रेशन क्लिनिकमध्ये, म्हणजे विद्यार्थी खरी प्रकरणे हाताळतात त्या केंद्रात, अर्जदारांच्या बाजूने काम करावे. दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय तिने सरकारी अर्ज भरू नये.

पुढच्या सुट्टीत तिला नेवार्कला ब्रॉड स्ट्रीटवरच्या रोडिनो इमारतीतल्या इमिग्रेशन न्यायालयात एक सकाळ पाठवा. आश्रयाच्या सुनावण्या सहसा बंद दाराआड होतात, पण इतर बऱ्याच सुनावण्या मागच्या बाकावर बसून पाहता येतात. आधी फोन करून चौकशी करावी आणि ओळखपत्र जवळ ठेवावे. सरकारी वकील काय म्हणतो, न्यायाधीश काय विचारतात, समोरच्या माणसाला त्यातले किती कळते, हे तिने दोन पानांत लिहावे आणि रीजेंट्सच्या निकालाबरोबर वडिलांसोबत वाचावे. ती दोन पाने मलाही पाठवलीत तर जेडीसाठी कोणत्या विद्यापीठांना अर्ज करावा, हे मी त्यावरून सांगेन.

आपला स्नेहांकित,
करिअर समुपदेशक