वडिलांच्या डिस्चार्ज कार्डावर आजाराच्या नावापुढे ‘ए२७.९’ असं का लिहिलंय?

तो आजाराचा आंतरराष्ट्रीय कोड आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी या वर्गीकरणात प्रत्येक आजाराला असा एक पत्ता दिलेला असतो. तुमच्या वडिलांच्या कार्डावरचा ‘ए२७’ म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मूत्रातून पसरणारा आपला लेप्टो. पुढचा ‘.९’ एवढंच सांगतो की उपप्रकार नोंदवलेला नाही. घाबरू नका, तो आजाराच्या तीव्रतेचा आकडा नाही.

याची गरज कोकणात राहणाऱ्याला लगेच पटते. भातलावणीत गुडघाभर चिखलात उभं राहायचं, पायाला चीर पडलेली, आणि आठवड्याभरात ताप. तोच ताप कोणी ‘व्हायरल’ लिहितो, कोणी ‘काविळीचा ताप’. तिकडे सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात काजूच्या बागेत गोचीड चावून माकडताप होतो, त्याचा कोड वेगळा, ‘ए९८.२’. सगळीकडे नुसता ‘ताप’ म्हणजे ‘आर५०.९’ लिहिलं, तर कुठल्या गावात उंदरांचा बंदोबस्त करायचा आणि कुठे गोचिडांचा, हे आकड्यांवरून कळणार कसं? म्हणून मला हे कोड फार मोलाचे वाटतात.

या पद्धतीचं मूळ १८९३ च्या, फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ बर्तियों यांच्या मृत्यूकारणांच्या यादीत आहे. वडिलांच्या कार्डावरचा कोड आयसीडीच्या दहाव्या आवृत्तीतला. अकरावी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आहे, पण दहावी अजून बऱ्याच ठिकाणी चालते.

विम्याचा दावा करणार असाल तर कोड आणि शेजारी लिहिलेलं आजाराचं नाव जुळतंय ना, हे आधी पाहा. जुळत नसेल तर रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागातून दुरुस्त करून घ्या.