परदेशी पंगत : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नोकरीनिमित्त बँकॉकला आले आहे. ऑफिसचे लोक रोज एकत्र जेवतात, पदार्थ टेबलाच्या मधोमध. 'मांगसाविरात' म्हणजे शाकाहारी असं सांगूनही भाजीला माशाचा वास येतो. काय करू?

उत्तर : मांगसाविरातमध्ये मांस टाळलं जातं, पण अंडं चालतं आणि नाम प्ला, म्हणजे माशाचा खारट रस, कित्येकांच्या लेखी मिठासारखाच. त्याऐवजी 'किन जे' म्हणा. 'जे'मध्ये मासे, अंडी, दूध तर नाहीच, कांदा-लसूणही नाही; कांदा-लसणापुरतं आपलं चातुर्मासाचं जेवणच. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरं दिसली की ते दुकान 'जे'चं. साध्या हॉटेलात मात्र 'माय साय नाम प्ला' (माशाचा रस घालू नका) आणि 'माय साय नाम मान होय' (ऑयस्टर सॉस नको) हे वेगळं सांगावंच लागतं. नाळीच्या भाजीसारखी दिसणारी फाक बुंग निव्वळ पालेभाजी वाटते, पण ती बहुधा ऑयस्टर सॉसमध्येच परततात. सोम तम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, त्यातला सुका जवळा काढायला सांगितलात, तरी कुटायचा खल तोच असतो; कडक शाकाहारी असाल तर ते सोडाच.

चौघांत चार पदार्थ आणि प्रत्येकाला भात मागवा. त्यातले दोन तुमच्याजोगे. प्रत्येक वाडग्यात वाढायचा वेगळा चमचा, 'छॉन क्लांग', मागून घ्या, नाहीतर मांसाचा चमचा टोफूत जाणारच. एका वेळी एकाच पदार्थाचे एक-दोन चमचे भातावर घ्यायचे. सगळं एकदम वाढून घेणं तिथे हावरटपणाचं दिसतं. खायचं उजव्या हातातल्या चमच्याने. डावीकडचा काटा फक्त घास ढकलायला.

प्रश्न : घरी केलेली थाई हिरवी करी फिकट आणि कच्चट लागते.

उत्तर : आपली सवय आड येते. कोकणात, गोव्यात नारळाचं घट्ट दूध शेवटी घालतो, फाटू नये म्हणून उकळू देत नाही. इथे ते मुद्दाम फाडायचं असतं. 400 मिलिलिटरचा डबा न हलवता उघडा, वरचा घट्ट थर (सुमारे 150 मिलिलिटर) कढईत मध्यम आचेवर कडेने तेल सुटेपर्यंत आटवा. त्या तेलात 50 ग्रॅम वाटण दोन-तीन मिनिटं परता. दुधात नुसतं उकळलेलं वाटण कच्चंच राहतं. मग उरलेलं दूध, अर्धी वाटी पाणी, वांगी. काही डब्यांत दूध फाटू नये म्हणून इमल्सिफायर असतो, त्यातून तेल सुटणार नाही. सरळ चमचाभर तेल घाला. तयार वाटणात बहुधा 'कापी', म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा असतो, लेबल वाचा. वाटण खारटही असतं, मीठ चाखूनच घाला.

प्रश्न : चिकट भात कुकरमध्ये होईल का?

उत्तर : नाही, लगदा होतो. तांदूळ किमान चार तास भिजवून, निथळून मोदकपात्रात मलमलीच्या फडक्यावर 20-25 मिनिटं वाफवा, मध्ये एकदा उलटा. आंबेमोहोर घेऊन मात्र हे जमणार नाही. 'खाओ निआओ', म्हणजे थाई चिकट तांदूळच हवा.