ॲटली म्हणजे माळावरचे

प्रश्न असा आहे: 'भारताला स्वातंत्र्य मिळालं तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान क्लेमंट ॲटली यांच्या आडनावाचा इटलीशी काही संबंध आहे का? आणि नुसतं "ली" हे आडनाव त्यातलंच का?'

आमच्या वर्गातही इतिहासाच्या तासाला एकाने ॲटलींना इटलीत पाठवलं होतं, त्यामुळे प्रश्न अगदी ओळखीचा वाटला. संबंध काही नाही. आडनाव अस्सल इंग्रजी, आणि अशा घडणीची आडनावं जास्त करून लंडनच्या दक्षिणेला, सरे-ससेक्स भागात सापडतात. फोड सरळ आहे, ॲट अधिक ली. 'ॲट' तोच, जो आपण पाचवीत शिकलो. 'ली'चं जुनं रूप 'लेआ'. त्याचा अर्थ आधी रान, मग रानातली झाडं तोडून मोकळी केलेली जागा आणि पुढे कुरण, माळ असा सरकत गेला. स्टॅनली, ॲशली, ब्रॅडली यांच्या शेपटीला हाच 'ली' आहे. स्टॅनली म्हणजे दगडाळ माळ. चौदाव्या शतकाच्या आसपास लोक 'जॉन ॲटे ली' म्हणत, म्हणजे माळावरचा जॉन.

आपल्याला यात लगेच 'कर' दिसतो, पण ॲटली हे 'नाशिककर'सारखं नाही. नाशिककर म्हटलं की गाव कळतं, आणि बहुधा गाव सोडल्यावरच ते नाव चिकटतं. ॲटली हे गावातल्या गावात पडलेलं नाव. गावात पाटलांची दोन घरं असली की एक वाड्यातले पाटील आणि दुसरे मळ्यातले पाटील होतात ना, तसं. फरक एवढाच की आपलं 'तले' जागेच्या नावाच्या शेवटी लागतं आणि त्यांचं 'ॲटे' सुरुवातीला. सरकारी कारकून लॅटिन नाहीतर फ्रेंचमध्ये लिहायचे, त्यामुळे तोच माणूस दप्तरात 'द ला ली' व्हायचा.

खरी गंमत हा 'ॲटे', म्हणजे 'ॲट द', स्वराच्या आधी येतो तिथे आहे. तेव्हाच्या इंग्रजीत पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी नामाआधी 'ॲटेन' यायचं, स्त्रीलिंगी नामाआधी 'ॲटेर'. (हो, इंग्रजीत झाडाझुडपांनाही लिंग होतं. आपल्याला नवल नाही, आपण वड आणि चिंच रोज वेगळे करतो.) आता ॲश नावाच्या झाडाशेजारी राहणारा कुणी घ्या. 'ॲटेन ॲश'. दोन-तीनदा भरभर म्हणून बघा. 'न' कुठे संपतो आणि झाड कुठे सुरू होतं, कळत नाही. तो 'न' झाडाला चिकटला, 'ॲटे' गळून पडलं आणि उरलं नॅश! लंडनची रीजंट स्ट्रीट आखणारा जॉन नॅश किंवा 1994 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेला गणिती जॉन नॅश, दोघांच्या आडनावात हाच उसना 'न' आहे.

ओक वृक्षाचं तर आणखी मजेशीर झालं. जुन्या भाषेत ओक स्त्रीलिंगी, म्हणून 'ॲटेर ओक' आणि त्यातून 'रोक'. पुढे लिंगभेद ढासळला, लोक 'ॲटेन ओक'ही म्हणू लागले आणि त्यातून 'नोक', 'नोक्स' आले. एकाच झाडाखालून दोन आडनावं निघाली. या नोक्सची इतकी सवय झाली की इंग्रज वकील काल्पनिक पक्षकाराला 'जॉन अ नोक्स' म्हणायचे, आणि समोरच्याला 'जॉन अ स्टाइल्स', म्हणजे कुंपण ओलांडायच्या पायऱ्यांपाशी राहणारा. आपल्या सोम्या-गोम्यांचे हे वकिली भाऊ. ससेक्समधलं राय हे गावही 'ॲटेर ये', म्हणजे बेटावर, यातला 'र' घेऊन बसलं आहे.

उलटी चोरीही झाली आहे, आणि ती आपण दर सामन्यात तोंडाने करतो. 'अंपायर' हा शब्द मुळात 'नंपायर'सारखा होता. फ्रेंच 'नाँपेर', म्हणजे जोडीत न मोडणारा, दोघांखेरीजचा तिसरा. 'अ नंपायर'चं ऐकणाऱ्याने 'ॲन अंपायर' केलं. नॅशने कमावलेला 'न' अंपायरने गमावला.

मात्र 'ॲट' दिसला की लगेच फोड करू नये. ॲटनबरो घ्या. 'ॲटेन बरो', म्हणजे गढीपाशी, असा अर्थ लागतो खरा, आणि काही घराण्यांचं आडनाव तसं पडलंही असेल. पण नॉटिंगहॅमशरमध्ये ॲटनबरो नावाचं गावच आहे आणि त्या गावाच्या नावात 'ॲट' नाही, ॲडा नावाचा कुणी जुना माणूस आहे. अशी आडनावं असली की मी तरी आधी नकाशा उघडतो, मग व्याकरण.

आता नुसतं 'ली'. इंग्रजी घराण्यांमध्ये ते बरेचदा ॲटलीच, पुढचा 'ॲट' झडलेला. ब्रूस लीचं 'ली' मात्र चिनी. त्याला माळ नाही, झाड आहे. त्या अक्षराचा अर्थ आलुबुखार.