रंग ठरवण्याआधी सोफ्याकडे पाहा
दिवाणखान्याच्या भिंतींच्या रंगासाठी तुम्ही शेडकार्डापासून, म्हणजे रंगछटांचे नमुने दाखवणाऱ्या कार्डापासून, सुरुवात केली आहे. माझ्या मते ती सोफा, कपाट आणि पडद्यांपासून व्हायला हवी, कारण भिंत पुन्हा रंगवता येते, फर्निचर मात्र सहजासहजी बदलले जात नाही.

प्रथम लाकडाची छटा ओळखा. त्याच्याशेजारी कोरा पांढरा कागद धरला की ते पिवळसर, तांबूस की करडे आहे हे स्पष्ट होते. तपकिरी हा मुळात गडद नारिंगीच असल्यामुळे निळसर भिंतीपुढे तांबूस लाकूड अधिकच तांबडे भासते. शेजारचे रंग एकमेकांना असे बदलतात, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल यांनी १८३९ मध्येच सविस्तर मांडले होते. लाकूड उठून दिसावे अशी इच्छा असेल तर हा परिणाम उपयोगी पडतो. ते शांत राहावे असे वाटत असेल तर मोतिया किंवा फिकट मातकट छटा घ्यावी.

शेडकार्डावरच्या चिमुकल्या चौकोनावर विसंबू नका. तोच रंग चारही भिंतींवर बराच भडक वाटतो. दोन फुटी पुठ्ठ्यावर रंगाचे दोन हात द्या, तो पूर्ण वाळल्यावर सोफ्यामागे उभा करा आणि सकाळी, दुपारी व रात्री पाहा. रात्रीची पाहणी मी सर्वांत महत्त्वाची मानतो, कारण २७०० केल्विनचा (केल्विन हे दिव्याच्या प्रकाशाची रंगछटा सांगणारे एकक) पिवळसर आणि ६५०० केल्विनचा पांढरा दिवा एकाच भिंतीला दोन वेगळी रूपे देतात.

भिंत उंचसखल असल्यास चकचकीत फिनिश टाळा.